विनंती कलम (क)

एकतीस वर्षं ठाणे कोर्टाच्या कोपऱ्यावर
निळ्या ताडपत्रीखाली मी लोकांचं खरंखोटं टाइप केलं.
"सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की"
– त्या "की"नंतर माणसं जरा थांबतात.
ते थांबणं कधी कागदावर आलं नाही.

आता शनिवारी दुपारी विधी महाविद्यालयात बसतो.
जिन्याखालची खोली. दारावर पाटी:
विधी साहाय्य केंद्र, तंत्रज्ञान व लोकहित.
मजकूर माझ्याच हातचा. फाँट बदलताना
"तंत्रज्ञान"मधला ज्ञ फुटला होता,
दोन दिवस आम्ही तसेच बसलो, ज्ञाशिवाय.

मुलं हुशार आहेत. झीनत मुल्ला, चौथं वर्ष.
हर्षल भोईर. याच्या आजोबांची भातजमीन
घोडबंदर रस्त्यावरच्या एका टॉवरखाली गेली,
आणि त्याच टॉवरच्या गेटवर
गयाबाई खिल्लारे अडली, म्हणून ही फाईल.

गेटवर टॅब आहे. टॅबमध्ये गयाबाईचा फोटो,
घरं सात, तारे साडेचार.
एकोणिसाव्या मजल्यावर कुडी हरवली,
कुणीतरी काचेवर बोट टेकवलं,
तारे गेले, चौकट लाल झाली.
कुडी चौथ्या दिवशी वॉशिंग मशीनमागे सापडली.
चौकट लालच.
वॉचमन हिंगोलीकडचा, तिच्या माहेरचा. म्हणाला,
मावशे, मी वळखतो तुला, ह्यो वळखत न्हाई.

"संमती घेतली होती का?" नलावडे मॅडमनी विचारलं.
घेतली होती. पहिल्या दिवशी, गेटवर,
तिचंच बोट धरून
"मला मान्य आहे"वर दाबलं होतं.
हजारदा टाइप केलेला शब्द.
मान्यमध्ये मान आहे, हे मला त्या दुपारी दिसलं.
मान तर तिनं हलवलीच नव्हती.

मग कंपनीला पत्र: आमच्या अशिलाची
आपल्याकडे असलेली सर्व विदा द्यावी.
"इदा म्हंजी? शिरेलीत पोरीची करत्यात ती?"
हर्षल हसला. झीनत म्हणाली, जवळपास तेच, मावशी,
घरातून निघते, मग आपली राहत नाही.

तिसऱ्या स्मरणपत्रानंतर बेचाळीस पानं आली.
अकरा महिन्यांचं येणं-जाणं, मिनिटासकट.
मी वाचत गेलो, ती ऐकत गेली,
पदर दातात धरून, आरती ऐकावी तशी.
सहा बावन्न आत. दोन दहा बाहेर.
"त्या दिशी लेकीला ताप व्हता, पळत गेलते."
सात एकोणीस आत.
"पाणी आलं नव्हतं आमच्यात."
सतरा तारीख, सहा पन्नास आत.
"खोटं हाय. सतराला म्या गावी. सासू गेली व्हती."
झीनतनं तिथं पेन्सिलनं फुली केली.
कुणीच काही बोललं नाही. पंखा तेवढा टकटकत होता.

अर्ज तयार होता. विनंती कलम (क):
सदर अर्जदाराविषयीची सर्व नोंद कायमची नष्ट करावी.
मुलांनी त्यावर तीन रात्री काढल्या होत्या.
माझी रीत, सहीआधी सगळं वाचून दाखवायचं.
(क)पाशी गयाबाईनं टेबलावर हात ठेवला.
"पुसू नगा.
कुडीचं पुसा. तारं पुसा, ते म्या मागितलं नव्हतं.
पर हे येनं-जानं ऱ्हाऊ द्या.
दिवाळीला म्हनले, तू तर सा महिनंच केलंस काम,
बोनस कशाचा?
अकरा लिव्हलंय का न्हाई त्यात?"

मॅडम बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिल्या.
मग म्हणाल्या, जोशीकाका, (क) खोडा.
खोडला. नवा लिहायला दीड तास लागला,
झीनत आणि हर्षल भांडले, चहा दोनदा आला,
आणि "नष्ट करावी" च्या जागी बसलं
"अर्जदाराच्या स्वाधीन करावी".
सतरा तारखेला वेगळं उपकलम.

नोटीस गेली आहे. उत्तराला तीस दिवस.
सध्या ती वर्तकनगरला जाते, जुन्या चाळवजा इमारतीत,
तिथं बेल दाबली की आतून कुणीतरी उठून येतं.

जाताना बेचाळीस पानं साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालू लागली.
मी म्हटलं, थांबा.
दोन भोकं पाडली, कोर्टाच्या फायलींचा हिरवा टॅग ओवला.
"गाठ जरा घट्ट मारा," म्हणाली.